न सोडलेलं मिसाईल

मंचरला शेठच्या दुकानात टीव्ही आहे. तो चालू असला की मला तिथं पाय ठेवावासा वाटत नाही. शेठ भला माणूस. घराणं मूळचं राजस्थानातलं जैन, पण इथं तीन पिढ्या गेल्या, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. बियाणं, औषधं, पाइप त्यांच्याकडूनच आणायचे असा आमच्या घरचा शिरस्ता. पण हल्ली जगात कुठे ना कुठे लढाई चालूच असते, आणि त्या डब्यात कुणी सुटाबुटातला इसम उभा राहून खांद्यावरून सोडायच्या मिसाईलवर अक्कल पाजळत असतो. बटन दबाया और जहाज खल्लास. मागे चित्रातलं विमान फुटतं, आणि दुकानासमोर बाकावर बसलेले रिकामटेकडे माना डोलावतात. मग त्यातला एक माझ्याकडं वळतो, "साहेब, तुमी हेच चालवीत व्हता ना? किती पाडली?"

एकही नाही. वीस वर्षं मी ते नळकांडं वाहिलं, पुढं पोरांना शिकवलं, आणि खरं मिसाईल आयुष्यात दोनदा सोडलं. दोन्ही वेळा सरावाच्या मैदानात, मुद्दाम उडवलेल्या निशाण्यावर. हे सांगितलं की बाकावरच्यांची तोंडं उतरतात. त्यांना वाटतं, साहेब काहीतरी लपवतायत. लपवतोय खरा, पण ते वेगळं.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असला हा सगळा कारभार. ज्यांना घरच्या मोटारीचा स्टार्टर कळत नाही, ते मिसाईलच्या पिढ्या मोजतात. मी भरती झालो तेव्हा आम्हाला जी जुनी रशियन नळी दाखवली, ती निव्वळ आंधळी होती. तिला फक्त विमानाच्या शेपटीची धग दिसायची. म्हणजे विमानानं यायचं, आपल्या डोक्यावर काय टाकायचं ते टाकायचं, आणि पाठ फिरवली की मग आपण त्याच्या मागं सोडायचं. चोर कुंपणावरून गेल्यावर त्याच्या पाठीत दगड. त्यात सूर्य जरा जवळ असला तर ती सूर्याच्याच मागं लागायची. तापलेल्या खडकावरसुद्धा भाळायची. आम्हाला शिकवणारे उस्ताद म्हणायचे, ह्या नळीपेक्षा माझी म्हैस हुशार आहे, ती निदान गोठ्याची वाट चुकत नाही.

नंतरच्या नळीला पुढच्या बाजूला एक गोळा आला. आम्ही त्याला बॅटरीच म्हणायचो, पण त्यात वीज होती तसा दाबून भरलेला वायूही होता. तो वायू मिसाईलचा डोळा गार करायचा. डोळा गार झाला की त्याला समोरून येणारं विमानही दिसू लागलं. नुसत्या धुराड्याची आग कशाला, हवेत घासून तापलेलं अंगही पुरे. मग विमानवाले आगीचे गोळे टाकून त्याला फसवू लागले. मग मिसाईलला दोन तऱ्हेची धग ओळखणारा डोळा बसवला, म्हणजे फसवा गोळा कोणता आणि खरं विमान कोणतं ते त्याला कळावं. मग अंगावर आदळायचीही गरज उरली नाही, नुसतं जवळून गेलं तरी फुटतं. आता तर काही ठिकाणी लेझरच्या किरणावर चालणारं आलंय, त्याला आगीच्या गोळ्यांचं काही सोयरसुतक नाही, मात्र सोडणाऱ्यानं शेवटपर्यंत नेम हलू द्यायचा नाही. हे सगळं सुधारलं. सतराअठरा किलोची नळी धरणारा खांदा मात्र जुनाच राहिला, आणि त्या खांद्यावरचं डोकंही.

गेल्या पावसाळ्यात एकाच्या उसावर औषध मारायला ड्रोन आला, तर सरपंच मला विचारतो, "साहेब, यात्रेत असले ड्रोन लई येत्यात, तुमचं नळकांडं असतं तर पाडलं असतं का?" त्याला म्हटलं, बाबा रे, त्या डबड्याला चहाच्या किटलीएवढीसुद्धा धग नाही, मिसाईलला ते दिसणार कसं? आणि दिसलं तरी उंदीर मारायला घर पेटवतं का कुणी? तो हसला. कळलं काहीच नाही, हे त्याच्या हसण्यावरून कळलं.

आता यात्रेचा विषय आलाच आहे तर गावच्या झेंड्याचं सांगतो, कारण हे सगळं लिहायला मी त्याच्यासाठीच बसलोय.

आमचं गाव निरगुडसरच्या अलीकडं. यात्रा चैत्रातली, आणि यात्रा म्हणजे बैलगाड्यांची शर्यत. घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या, खालून चार बैल सुटतात, पुढं घोडी, आणि चढावरच्या रेषेपर्यंत किती सेकंदांत पोचतात त्यावर नंबर. एका गाड्याच्या एका धावेला बारी म्हणतात. रेषेजवळ एक माणूस लाल झेंडा घेऊन उभा असतो. पुढच्या बैलाचा पाय रेषेवर पडला की झेंडा खाली, आणि झेंडा खाली आला की घड्याळ बंद. आता सेन्सरचं घड्याळ आलंय, तरी झेंडा लागतोच. सेन्सरशी भांडता येत नाही, आणि भांडल्याशिवाय आमच्या लोकांना शर्यत झाल्यासारखी वाटत नाही. तर हा झेंडा आमच्या गावात एकाच घरात चालत आलेला. माझ्या जोडीदाराच्या घरात. त्याचा बाप, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो, त्यांनी चाळीसेक वर्षं झेंडा टाकला. त्यांच्या निकालावर कुणी कधी चकार शब्द काढला नाही. पिंपरी पेंढारच्या घाटातूनसुद्धा त्यांना बोलावणं यायचं.

जोडीदार म्हणजे सैन्यातला जोडीदार. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, माझ्याच सांगण्यावरून भरती झालेला, आणि योग असा की माझ्याच तुकडीत आला. मी सुभेदार होऊन परतलो. तो हवालदाराच्याही खाली, नाईक म्हणून परतला. गावात त्याला पाठीमागं काय म्हणतात ते मी इथं लिहीत नाही. समोर विमान आलं आणि ह्याचा हात थिजला, असा त्याचा अर्थ.

आबा माघात गेले. जाईपर्यंत त्यांनी पोराच्या हातात झेंडा दिला नाही. शेवटची चारपाच वर्षं नजर मंदावली होती, तरी स्वतःच टाकायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "ज्याचा हात येळंला चालला न्हाई, त्याच्या हातात निशाण देऊन गावाचं हसं करू व्हय?" हे पोराच्या देखत म्हणायचे.

आबांना जाऊन दीड महिनाही झाला नव्हता, तेवढ्यात यात्रेच्या बैठकीचं निमंत्रण फिरलं. झेंडा कुणाला द्यायचा, हा पहिला विषय. दोन दिवस आधी जोडीदार माझ्या घरी आला. किती वर्षांनी आला असेल, मला आठवत नाही. ओट्यावर बसला नाही. टोपी हातात घेऊन अंगणातच उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, बैठकीत तुमाला इचारतील. खरं काय झालं ते सांगा. एवढंच काम व्हतं."

मी म्हटलं, बघतो. लाचारासारखं टोपी काय काढतोस, असंही मनात आलं. त्याचा मला रागच आला. ज्याचं देणं लागतो तोच दारात येऊन नम्रपणे उभा राहिला की माणसाला त्याचा तिटकारा येतो, हा अनुभव आहे माझा.

तर खरं काय झालं होतं. वाळवंटातली चौकी, हिवाळा, सकाळचे नऊ साडेनऊ. सीमेवर ताण होता. मी तेव्हा हवालदार, पथकाचा प्रमुख, माझ्याकडं दुर्बीण आणि रेडिओ. नळी त्याच्या खांद्यावर. रेडिओवर निरोप आला की एक अनोळखी वस्तू खालून उडत येतेय, आपल्या कुणाची खबर नाही. ओळख पटल्याशिवाय सोडायचं नाही, हा कायमचा हुकूम. दोनतीन मिनिटांत हेलिकॉप्टर दिसलं. उन्हाच्या बाजूनं येत होतं. दुर्बिणीत मला नुसता झगझगाट आणि त्यात एक काळा ठिपका. मी त्याला म्हटलं, बॅटरी. त्यानं बॅटरी चालू केली. एकदा ती चालू झाली की अर्ध्या मिनिटाचा खेळ, त्यात सोडलं तर सोडलं, नाहीतर तो गोळा फेकून द्यायचा. नळीतून बझर वाजायला लागला. मिसाईलला धग सापडली होती.

मी ओरडलो, फायर.

त्यानं सोडलं नाही. मी पुन्हा ओरडलो. बझर वाजतोय, मी ओरडतोय, आणि हा नळीच्या बाजूनं उघड्या डोळ्यांनी नुसता बघत उभा. मग म्हणाला, "थांबा. चाल आपली हाय."

चाल. घाटाच्या वर, रेषेजवळ बापाच्या शेजारी उभा राहून हा लहानाचा मोठा झाला. खाली धूळ उठली की बैल दिसायच्या आधी, गाडा कुणाचा ते तो चालीवरून सांगायचा. धुळीत मान कशी खाली घालतोय, डावीकडं कसा दबतोय. हेलिकॉप्टरचं नाक खाली झुकवून येणं त्यानं तसंच ओळखलं. आमच्याच तळावरची ती जात त्यानं शेकडो वेळा येता-जाता पाहिली होती. पाहिली मीही होती. पण मी फक्त आकाशात बघायचो, तो चाल बघायचा.

बझर बंद पडला. बॅटरी संपली. हेलिकॉप्टर आमच्या डोक्यावरून उजवीकडं वळलं आणि त्याच्या अंगावरची आपली खूण दिसली. पुढच्या चौकीवरचा एक आजारी जवान घेऊन ते चाललं होतं, खबर द्यायची राहिली होती. आत पाच माणसं होती. मी वाळूत खाली बसलो. त्यानं नळी खाली ठेवली आणि मला पाणी दिलं.

संध्याकाळी चौकशी. बॅटरी वापरलेली, मिसाईल तसंच, का? हुकूम कुणी दिला? त्यानं सांगितलं, हवालदारसाहेबांनी फायर म्हटलं, मी ओळखून थांबलो. मला विचारलं. आपल्याच हेलिकॉप्टरवर फायरचा हुकूम दिलेल्या हवालदाराचं पुढं काय होतं, ते मला माहीत होतं. मी म्हणालो, मी बॅटरीही म्हटलं नाही आणि फायरही म्हटलं नाही, त्यानं घाबरून स्वतःच चालू केली.

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. हवालदाराच्या शब्दापुढं नाईकाचा शब्द किती चालणार? त्याच्या कागदावर लाल शाईची नोंद पडली. बढती एकदा अडली, दुसऱ्यांदा अडली, आणि मग त्यानं विचारायचं सोडलं. मला मात्र वेळच्या वेळी फीत मिळत गेली. चौकशीनंतर त्यानं मला त्याबद्दल कधी विचारलं नाही. मी त्यामुळं असं समजून घेतलं की त्यानं सोडून दिलं. माणूस आपल्या सोयीचं किती चटकन समजून घेतो.

आमच्याच पलटणीतला शिनोलीकडचा एक जवान सुट्टीवर आला आणि त्यानं इकडं अर्धवट पेरलं, की आपल्या भागातल्या एकानं बॅटरी जाळली आणि सोडलंच नाही. पुढचं गावानं स्वतः शिजवलं. ते विमान दुष्मनाचं होतं, ह्याचा हात थिजला. गावाला अर्धी गोष्ट फार आवडते, उरलेली अर्धी आपल्या मापाची शिवता येते. लोक मला विचारायचे. मी म्हणायचो, त्याची चौकशी झाली होती, मी काय बोलणार? ह्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली. गावाला मी हसतो, टीव्हीवाल्याला हसतो, पण असं वाक्य घडवायला माझ्याएवढा कारागीर तालुक्यात सापडणार नाही.

आणि आबांकडं मी चहाला जायचो. निवृत्त झाल्यावर जवळजवळ दर आठवड्याला. ते मला शेजारी बसवून घ्यायचे, "सुभेदार, तुमी गावाचं नाव काढलं" म्हणायचे, आणि आत पोरगा जनावरांना चारा टाकत असायचा. एकदा आबांनी सरळ विचारलं, "सुभेदार, तुमी तिथंच व्हता. माझं पोरगं खरंच भ्यालं का वं?" मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "आबा, जुनं कशाला उकरता?" त्यावर आबांनी मान हलवली. जे कळायचं ते त्यांना कळलं, आणि ते चुकीचं कळलं.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी मंचरला गेलो होतो. दुकानात तोच टीव्ही, तेच सुटाबुटातलं ध्यान, कुठल्याशा देशात खांद्यावरून सोडलेल्या मिसाईलनं आपलंच विमान पाडलं म्हणून सांगत होतं. बाकावरचे हसले. शेठ हसले नाहीत. पुडी बांधता बांधता म्हणाले, "साहेब, एक विचारू? मशीनला कळतं ते फक्त गरम आहे की नाही. आपलं की परकं, ते कोण ठरवतं?" मी म्हणालो, खांदा ज्याचा असतो तो. शेठ म्हणाले, "मग त्याचीच खरी परीक्षा म्हणायची." मी पैसे दिले आणि बाहेर पडलो. परत येताना एसटीत ठरवलं की उद्या सांगायचं.

सकाळी देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. पंचवीसतीस माणसं. जोडीदार मागच्या खांबाला टेकून बसला होता. सरपंचानं झेंडा मधे ठेवला आणि सुरुवात केली, की घरातला मान घरात जावा हे बरोबर, पण बारीला एका क्षणाचा खेळ असतो, हात अडकला तर गाडामालक देवळात दगड टाकतील, तवा इचार करा. सगळ्यांच्या माना खांबाकडं वळल्या. मग सरपंच म्हणाला, "साहेब, तुमी तिथं हजर व्हता. तुमीच सांगा, ह्याच्या हाताचा भरोसा धरावा का?"

मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. उन्हाची बाजू, दुर्बीण, बझर, चाल. दोनदा फायर म्हटलं ते. हेलिकॉप्टर आपलं होतं ते. आत पाच माणसं होती ते. चौकशीत मी खोटं बोललो ते. भ्यालो होतो तो मी, हेही बोललो. एवढं बोलायला मला किती वर्षं लागली, आणि बोलायला चार मिनिटंही लागली नाहीत.

मग एका म्हाताऱ्यानं टोपी काढून डोळे पुसले. सरपंच उठला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून लोकांना म्हणाला, "बघा, याला म्हणत्यात साहेब. जोडीदाराचं पाप सोताच्या अंगावर घ्यायला लई मोठं काळीज लागतं राव." टाळ्या वाजल्या. देवळात टाळ्या. मी म्हणत होतो, अरे, खरं सांगतोय, मी खोटं बोललो होतो. तर शेजारचा मला खाली बसवायला लागला, "बसा साहेब, समदं कळलं आमाला." काय कळलं त्यांचं त्यांना ठाऊक. सुभेदार भिऊन खोटं बोलतो, हे त्यांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. माझी छाती फुगवून त्यांनी इतकी वर्षं मिरवली होती, ती एका सकाळीत उतरवायची कशी? असली ही माणसं, आणि अशा माणसांत मला मान हवा होता.

सरपंच पुढं म्हणाला, "तर साहेबांच्या शब्दाखातर झेंडा ह्यालाच द्यायचा, कुणाची हरकत?" कुणाची नव्हती. त्यानं झेंडा उचलून खांबाकडं धरला.

जोडीदार उठून पुढं आला. झेंड्याकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाला, "साहेब, आबानं तुमाला इचारलं व्हतं. मी आत गोठ्यात व्हतो, मला ऐकू येत व्हतं. तवा सांगायचं व्हतं." मग सरपंचाला म्हणाला, "बापानं दिला न्हाई तो ह्यांच्या मोठेपणातनं घेऊ व्हय? ऱ्हाऊ द्या." त्यानं टोपी घातली, पायऱ्या उतरला आणि कांद्याला पाणी द्यायला निघून गेला.

"बघा, उपकाराची जाण न्हाई," कुणीतरी म्हणालं. "मग साहेब, तुमीच घ्या," सरपंच म्हणाला आणि झेंड्याची काठी माझ्यापुढं केली. पुन्हा टाळ्या सुरू झाल्या. नको म्हणायला मी तोंड उघडलं. तोवर माझा हात पुढं गेला होता.